पाहुण्याकडे परतभेट

टूवूंबा,
रविवार, १ फेब्रुवारी २०२६

ती. आई,
सविनय जयभीम.

तुमचा निरोप मिळाला. "सुमेधा, फोनवरचं माझ्या ध्यानात नाही राहत बाप्पा, तू आपलं लिहून धाड," असं म्हणालात, म्हणून लिहिते आहे. शेजारच्या यतिनच्या फोनवर पाठवते. त्याच्याकडून मोठ्या अक्षरात छापून घ्या.

इकडे ठीक आहे. ऊन कडक आहे, दुपारनंतर वादळी ढग येतात आणि बहुतेक वेळा नुसतेच पुढे जातात. मयूराला ब्रिस्बेनला युनिव्हर्सिटीजवळ खोली मिळाली. प्रयोगशाळेत माझं नेहमीचं मातीचं काम सुरू झालं. प्रज्ञेश सिडनीत आहे, ब्लॅकटाउनलाच. त्याचं काम चांगलं चाललं आहे असं तो म्हणतो.

आता चीनमधल्या शीआनबद्दल. सप्टेंबरात परिषदेसाठी गेले होते तेव्हाची रोजनिशी समोर घेऊन बसले आहे. परिषद कोरड्या प्रदेशातल्या मातीवर होती. एका संध्याकाळी मी एकटीच त्या भिक्खूच्या पुतळ्यापर्यंत जाऊन आले. मागे त्याचा मनोरा दिसतो. वर चढले नाही. तुम्ही इथे आला होतात तेव्हा मागच्या अंगणात मटार सोलताना म्हणाला होतात, ते लक्षात होतं: "तो एवढ्या दुरून पायी आला, आपला महाराष्ट्र पाहून गेला. सातवीच्या पोरांना मी दरवर्षी शिकवलं. पण आपल्याकडून कोणी परतभेट दिली का त्याला? बरं दिसते का हे?" तुम्ही त्याचं नाव कधी घेत नाही, 'आपला पाहुणा' म्हणता. मीही रोजनिशीत तेच लिहिलं आहे.

तेव्हा १४ एप्रिलची जयंती आटोपली की निघायचं, हे नक्की. मेच्या पहिल्या आठवड्यात तिकडे मोठी सुट्टी असते आणि सगळा देश फिरायला निघतो. त्याआधी परत यायचं.

व्हिसा तुम्हाला लागेल, मला लागणार नाही. माझा पासपोर्ट ऑस्ट्रेलियाचा आहे आणि सध्या त्यांना थोड्या दिवसांसाठी सूट आहे. एकाच मनोऱ्याला जाणाऱ्या दोन बायकांना दोन नियम, यात न्याय आहे असं मला वाटत नाही, पण नियम हाच आहे. तुमचा पाहुणा राजाची परवानगी नसताना देशाबाहेर पडला होता हे तुम्हीच शिकवलंत. तुम्ही तसं करू नका. दिल्लीच्या एजंटकडे कागद वेळेत पोचू देत.

पैशांचं: तिथे कोणी नोटा काढत नाही. नोट नाकारता येत नाही असा नियम आहे म्हणतात, पण सुटे मिळत नाहीत आणि मागे रांग खोळंबते. तुम्ही भाजीवाल्याला फोनवरून देता तसंच, फक्त आपलं ॲप तिकडे चालत नाही, त्यांचं वेगळं असतं. ते माझ्या फोनवर आहे. तुम्ही काही डाउनलोड करू नका. यतिनला उत्साह येईल, त्यालाही करू देऊ नका.

व्हॉट्सॲप आणि गूगल हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत. नागपूरहून निघताना रोमिंगचं पॅक घेतलं तर फोन तुमच्याच कंपनीच्या वाटेने जातो आणि चालतो. मी गेल्या वेळी हे तिथे पोचल्यावर शिकले. पहिला दिवस मयूराला वाटत होतं की मी हरवले. "मम, आय वॉज लिटरली कॉलिंग हॉस्पिटल्स," ती म्हणाली. ती असं काही करत असेल हे माझ्या मनातही आलं नव्हतं.

हॉटेलचा पत्ता चिनी अक्षरांत छापलेलं कार्ड स्वागतकक्षात मिळतं. ते पर्समध्ये ठेवायचं आणि टॅक्सीवाल्याला दाखवायचं. पासपोर्ट सतत जवळ हवा. रेल्वेला, मनोऱ्याच्या तिकिटाला, सगळीकडे तो मागतात.

गरम पाणी कुठेही मिळतं, स्टेशनवर नळच असतात. तुमचा स्टीलचा थर्मास आणा. बाहेरच्या संडासात कागद नसतो, तो पर्समध्ये ठेवावा लागतो. संडास बहुतेक भारतीय पद्धतीचे आहेत. तुमच्या गुडघ्यांचा विचार करून मी खुर्चीचे कुठे आहेत ते टिपून ठेवलं आहे.

जेवणाची चिंता नको. तिथल्या मुस्लिम मोहल्ल्यात एक मटणाचा प्रकार मिळतो. तुमच्यासमोर रिकामा वाडगा आणि जाड, घट्ट पाव आणून ठेवतात. पाव आपण बोटांनी चुरायचा, हरभऱ्याच्या डाळीएवढा बारीक. मग वाडगा आत नेतात, रश्श्यात शिजवून परत आणतात. बसलेले लोक चुरत असतात, बोलत असतात, कोणाला घाई नसते. मी घाई केली. वाढणाऱ्या बाईने माझे तुकडे पाहिले, मान हलवली आणि वाडगा पुन्हा माझ्यासमोर ठेवला. सावजीची सवय असलेल्या जिभेला फिकं लागेल, पण सोबत तिखट आणि साखरेत मुरवलेला लसूण देतात.

आणखी काही विचारायचं असेल तर कळवा. मी शक्यतो जे स्वतः पाहिलं तेच लिहिलं आहे. जे नुसतं ऐकलं आहे तिथे 'म्हणतात' लिहिलं आहे.

आपली,
सुमेधा


टूवूंबा,
रविवार, २२ फेब्रुवारी २०२६

ती. आई,
सविनय जयभीम.

तुमचे आवाजी निरोप ओळीने ऐकले. एकात मागे कुकरच्या शिट्ट्या होत्या, त्यामुळे गुडघ्याच्या पट्ट्याबद्दल काय म्हणालात ते कळलं नाही. पट्टा आणाच.

मनोरा सात मजली आहे आणि लिफ्ट नाही. जिना लाकडी आहे, वर अरुंद होत जातो म्हणतात. तुम्ही म्हणता, "तो हिमालय चढला, मी सात मजले नाही चढणार?" मी यावर वाद घालत नाही. पहिल्या मजल्यावर बसायला जागा आहे म्हणतात, तिथे ठरवू.

विमान: तुम्ही दिल्लीहून ग्वांगझौला, मी ब्रिस्बेनहून सिडनीमार्गे ग्वांगझौला. तिथून शीआनचं विमान बरोबर. यतिनने दिलेली फोन चार्ज करायची बॅटरी आणू नका. तिकडच्या देशांतर्गत विमानांत त्यांच्या सरकारी शिक्क्याची असेल तरच नेऊ देतात, नाहीतर काढून घेतात. माझ्याकडे शिक्क्याची आहे. गोळ्या मूळ पाकिटात ठेवा, डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत असू दे.

आता पिंपळाच्या पानाबद्दल. परतभेटीला रिकाम्या हाताने जाऊ नये, हे मला पटतं. दीक्षाभूमीवरचं, झाडावरून आपसूक पडलेलं पान आहे, वहीत दाबून वाळवलं आहे, हेही समजलं. पण ताजी झाडं, बिया, फळं, माती यांना तिकडे बंदी आहे, आणि वाळलेल्या पानाचं नक्की काय ते नियम दोनदा वाचूनही मला कळलं नाही. मी मातीचे नमुने परवान्यासह इकडून तिकडे पाठवते, म्हणजे हे मला कळायला हवं होतं. तर माझा सल्ला असा: पान आणा, आणि शंका आहे म्हणून कस्टमला आपण होऊन सांगा. त्यांनी घेतलं तर घेतलं.

हे तुम्हाला मी शिकवावं असं नाही. ब्रिस्बेनला पहिल्यांदा उतरलात तेव्हाचं आठवतं. आम्ही बाहेर ताटकळत उभे, आणि तुम्ही आत त्या अधिकाऱ्यासमोर अख्खी बॅग मांडून बसलेल्या. त्याने न विचारताही सांगितलंत: ही जवसाची चटणी, हे मेथीचं बियाणं, हे पापड, ही दाताची कवळी. त्याने चटणी हुंगली, बियाणं ठेवून घेतलं आणि म्हणाला, "नो वरीज, डार्ल." तुम्ही बाहेर येऊन प्रज्ञेशला विचारलंत, "डार्ल म्हणजे काय रे? अपमान तर नाही केला?" 'डार्लिंग' असं सांगताना प्रज्ञेश इतका हसला की ट्रॉली खांबावर आपटली. गाडीत तुम्ही म्हणालात, "चटणी सांगितली म्हणून राहिली. लपवली असती तर गेली असती, वरून इज्जतही." तेव्हापासून आमच्या घरी कस्टमचा विषय निघाला की मयूरा कवळी जाहीर करते.

तुम्ही विहारात सगळ्यांना सांगितल्याचं ऐकलं. "आमची सून नेऊन राहिली मला चीनला. लोकांच्या सुना सासूला दवाखान्यात नेत नाहीत." निरोपात तुमचा आवाज फार आनंदी होता.

त्याबद्दल मला लिहायचं होतं. पुढच्या पत्रात लिहीन.

एप्रिलमध्ये तिकडे सकाळ-संध्याकाळ गारवा असतो. तुमचा राखाडी स्वेटर पुरेल, शाल नको. धूळ असते, मास्क असू द्या. बूट आणाल ते धुऊन आणा. मला सवयीने बुटांच्या तळव्याकडे आधी बघावंसं वाटतं, माफ करा.

"प्रज्ञेश काऊन येत नाही? त्याले सुट्टी नाही का?" असंही विचारलंत. मी त्याला या सहलीला चल असं म्हटलेलं नाही. हे खरं उत्तर आहे, पण पुरं नाही. इथे ते पुरं करता येत नाही, कारण हे यतिन छापून देणार आहे.

आपली,
सुमेधा


टूवूंबा,
रविवार, ८ मार्च २०२६

ती. आई,
जयभीम.

हे पत्र पोस्टाने येईल. एकट्या असताना वाचा. प्रकृतीची कोणतीही वाईट बातमी नाही. मयूरा, प्रज्ञेश आणि मी, तिघेही बरे आहोत. हे आधी लिहिलं, कारण पाकीट पाहून तुमच्या मनात तेच आलं असेल.

प्रज्ञेश आणि मी आता नवरा-बायको नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला आमचा घटस्फोट झाला. त्याआधी वर्षाहून जास्त काळ आम्ही वेगळे राहत होतो.

हे एवढंच लिहून पाकीट बंद करावं असंही वाटलं. पण तुम्ही प्रश्न विचाराल आणि उत्तरं फोनवर द्यावी लागतील. फोनवर मी शब्द गाळते.

भांडण झालं नाही. कोणी तिसरं माणूस नाही, त्याच्याकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. त्याला सिडनीत चांगलं काम मिळालं, मला इथली प्रयोगशाळा सोडायची नव्हती. आधी तो दर पंधरवड्याला यायचा. मग महिन्याने. मग येण्यासाठी काहीतरी कारण शोधावं लागायला लागलं, गाडीची सर्व्हिसिंग, मयूराची परीक्षा. एकदा तो आला आणि पाहुण्यासारखा विचारून चहाचा कप काढायला लागला. मी त्याला कप कुठे आहेत ते सांगितलं. त्याचेच कप. त्या दिवशी आम्हा दोघांनाही कळलं, पण बोललो पुष्कळ नंतर. अर्ज दोघांनी मिळून केला. कोर्टात जावंही लागलं नाही. मयूराला माहीत आहे. "आय काइंड ऑफ न्यू," ती म्हणाली, आणि उठून भांडी घासायला गेली. एरवी घासत नाही.

तुम्हाला सांगायचं ते प्रज्ञेशने, असं ठरलं होतं. डिसेंबरात तो नागपूरला आला तो त्यासाठीच. न सांगता परत आला. येताना तुम्ही माझ्यासाठी दिलेली तिळाची चटणी त्याने ब्लॅकटाउनहून इथे पोस्टाने पाठवली. ती खावी की नाही याचा मी विचार केला, कारण ती सुनेसाठी होती. मग खाल्ली. चांगली झाली होती.

गेल्या आठवड्यात त्याला फोन केला आणि म्हटलं, मी आईंना लिहिते आहे.

"चीनहून आल्यावर सांगू ना," तो म्हणाला. "तिची ट्रिप कशाला खराब करतेस? किती वर्षांपासून तिच्या डोक्यात आहे ते."

"ट्रिप माझ्याबरोबर आहे, प्रज्ञेश."

"मग?"

"मग आपण कोणाबरोबर चाललो आहोत, हे त्यांना माहीत नको?"

त्याच्या मागे कुठेतरी टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. मग म्हणाला, "लिही तू. मला नाही जमणार. डिसेंबरात बसलो होतो तिच्यासमोर. तिने गरम भाकरी वाढली आणि विचारलं, सुमेधासाठी काय देऊ? त्याच्यापुढे मी काय बोलणार होतो, सांग."

तेव्हा त्याच्यावर रागावू नका असं म्हणायला मी कोण, पण त्याने प्रयत्न केला होता, हे तुम्हाला माहीत असावं.

माझं वागणं मात्र मला नीट सांगायला हवं. पहिल्या पत्रात मी लिहिलं, प्रज्ञेश सिडनीत आहे. खरं आहे. त्याचं काम चांगलं चाललं आहे असं तो म्हणतो. तेही खरं. दुसऱ्या पत्रात लिहिलं, मी त्याला चल म्हटलेलं नाही. एकही वाक्य खोटं नाही. खरी वाक्यं एकापुढे एक मांडत मी तुम्हाला चुकीच्या ठिकाणी नेऊन सोडलं. पानाबद्दल 'आपण होऊन सांगा' असं लिहिताना माझा हात थांबला होता. तरी मी पुढे विमानाचं आणि बुटांचं लिहून टाकलं.

हे मी तुमच्यासाठी सांगते आहे की मला सुटं व्हायचं आहे म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल. विहारातलं तुमचं बोलणं ऐकलं नसतं तर कदाचित मी प्रज्ञेशचं ऐकलं असतं आणि गप्प राहिले असते. पण तुम्ही चारचौघींत अभिमानाने जे सांगितलंत ते खरं नव्हतं, आणि ते तुम्हाला माहीत नव्हतं, मला होतं. परदेशात, जिथे तुम्हाला पाटी वाचता येणार नाही आणि प्रत्येक गोष्टीसाठी माझ्या फोनवर अवलंबून राहावं लागेल, तिथे तुम्हाला असं घेऊन जाणं मला जमणार नाही.

आता व्यवहाराचं. तुमचा व्हिसा आणि तिकीट तुमच्या नावावर आहे. त्याला काही होत नाही. तुम्ही गेलंच पाहिजे, परतभेट राहून चालणार नाही. माझ्याऐवजी प्रज्ञेश येऊ शकतो. त्याचा पासपोर्टही इथलाच आहे, व्हिसा लागणार नाही. मी त्याला विचारलं, तो हो म्हणाला. हॉटेलची खोली दोन वेगळ्या पलंगांची आहे, ती त्याच्या नावावर करता येते. सगळी माहिती मी त्याला देईन, खुर्चीच्या संडासांची आणि पाव बारीक चुरायचा असतो याचीही. यात मला वाईट वाटेल, पण ते तुम्ही विचारात घेऊ नका.

किंवा मीच येईन, तुम्हाला चालणार असेल तर.

'आई' हा शब्द मी लग्नापासून लिहिते आहे. वर आजही लिहिला, दुसरा सुचला नाही. यापुढे काय लिहायचं ते तुम्ही सांगा. आणि खाली, माझ्या नावाच्या आधी काय लिहायचं, तेही. आज ती जागा मोकळी ठेवते.

सुमेधा


टूवूंबा,
रविवार, ५ एप्रिल २०२६

ती. आई,
सविनय जयभीम.

पत्र मिळाल्याचं यतिनने कळवलं आणि नंतर पुष्कळ दिवस तुमचा काही निरोप आला नाही. त्या दिवसांबद्दल मी रोजनिशीत फक्त हवामान लिहिलं आहे. परवा सकाळी तुमचा फोन आला तेव्हा मी ईस्टरच्या सुट्टीमुळे घरीच होते. बोललात ते तेव्हाच लिहून ठेवलं. तुमच्या म्हणण्याप्रमाणे फोनवरचं ध्यानात राहत नाही, म्हणून इथे पुन्हा उतरवते. काही चुकलं असेल तर सांगा.

तुम्ही 'हॅलो' म्हटलं नाहीत. म्हणालात, "तू दरवेळी पत्राच्या खाली 'तुमची सून' लिहायची. यंदा दोन पत्रांत नाही लिहिलं."

मी म्हटलं, "तुमच्या लक्षात आलं होतं?"

"मी जन्मभर पेपर तपासले, सुमेधा. पोरानं काय लिहिलं ते नंतर दिसते. काय गाळलं ते आधी दिसते. मला वाटलं, भांडणबिंडण झालं असन. इतकं असन असं नव्हतं वाटलं."

पुढे तुम्हीच म्हणालात,

"मला काचेचं भांडं समजले तुम्ही दोघं. माझा नवरा गेला तेव्हा मी दुसऱ्या महिन्यात शाळेत जाऊन तास घेतला होता. आणि हे दोघं माझी ट्रिप खराब होईल म्हणून राहिले."

"चुकलं, आई."

"चुकलंच. प्रज्ञेशला फोन केला होता. म्हटलं, डिसेंबरात खाल्लेल्या भाकरी परत कर."

मला हसू आलं. तुम्हाला आलं नाही, म्हणून मी ते आवरलं.

"आणि तू काय लिहून राहिली, माझ्याऐवजी प्रज्ञेशला घेऊन जा? त्याला पाहुण्याचं काय घेणं? मनोऱ्यासमोर उभा केला तर गाडी कुठं लावायची ते विचारन. तूच चाल. पण ऐक. आपला पाहुणा आपल्या लोकांबद्दल काय सांगून गेला?"

"शत्रूलाही भांडायच्या आधी कळवतात."

"हो. तर कळवून राहिली. मला राग आहे. दोघांवरही आहे. तो काही पंधरा दिवसांत जाणार नाही, मी सोबत घेऊन येते. त्याला कस्टमवाले अडवत नाहीत ना?"

"सांगितला तर नाही अडवत."

"सांगितला आता. आणि आणखी एक. ते पाव चुरायचं दुकान लिहिलं होतं ना तू, तिथं पहिल्याच दिवशी जाऊ. तिथं बसून मला सगळं सांग, पहिल्यापासून. हाताला काम असलं की ऐकणं सोपं जाते."

नंतर तुम्ही पानाबद्दल बोललात. ते फायलीत घातलं आहे, अधिकाऱ्याला दाखवणार आहात, यतिनने इंग्रजीत एक वाक्य पाठ करून घेतलं आहे. ते वाक्य तुम्ही म्हणून दाखवलंत. चांगलं आहे. फक्त शेवटी 'डार्ल' म्हणू नका.

फोन ठेवताना मी विहाराबद्दल विचारलं. तुम्ही म्हणालात, बायकांनी परवा पुन्हा विचारलं, कधी नेते सून? "आता मी काय सांगू? सून म्हटलं तर खोटं. सुमेधा म्हटलं तर विचारतील कोण सुमेधा. मी म्हटलं, आमच्या घरची आहे, ती नेते. हे तर खोटं नाही ना? तू पाहून सांग. तुला लई शंका असतात."

व्यवहाराचं थोडंसं राहिलं आहे. ग्वांगझौला उतरल्यावर आधी पासपोर्टची रांग, मग सामान, मग कस्टम. पान तिथे दाखवा. कोणी काही विचारलं आणि समजलं नाही तर घाबरू नका, हॉटेलचा चिनी अक्षरांतला पत्ता पुढे करा, तो मी छापून घ्यायला यतिनच्या फोनवर पाठवला आहे. माझं विमान आधी उतरतं. तुम्ही दारातून बाहेर आलात की मी समोरच कठड्याला टेकून उभी असेन. राखाडी स्वेटर घालून या, म्हणजे लांबून ओळखता येईल. वेळ लागला तरी मी तिथून हलणार नाही.

तुम्ही विचारलेलं वाक्य मी काल आणि आज तपासून पाहिलं. वेगवेगळ्या बाजूंनी पाहिलं. मला ते खोटं वाटत नाही.

तुमच्या घरची,
सुमेधा